भीतीची गवाही

निवडणूक आली की आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यात एकच प्रश्न ऐकू येतो, "तो येऊ नये म्हणून कुणाला द्यायचं?" कोण यावा, हे कुणी विचारत नाही.

२०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात मोठे पक्ष सहा होते. मतदारापुढे वाटा दोनच, महायुती आणि महाविकास आघाडी. पनवेलमध्ये भाजपविरोधी बाजूने शेकाप आणि उद्धव ठाकरे यांची शिवसेना, असे दोन उमेदवार उभे राहिले. पर्याय वाढला म्हणून कुणाला आनंद झाला नाही. 'मतं फुटणार' हीच धास्ती! ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या नियमात ही धास्ती खोटीही नाही.

पण या भागात पूर्वीही लढत बहुधा दोघांतच होती, काँग्रेस आणि शेकाप. फरक भांडणाच्या विषयाचा होता. दि. बा. पाटलांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी जमिनीचा मोबदला होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात त्यासाठी पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिथे मतदार काहीतरी मागत होता. आज तो फक्त काहीतरी टाळतो आहे.

टाळण्यासाठी दिलेल्या मताची किंमत किती? प्रशांत ठाकूर २००९ मध्ये काँग्रेसकडून निवडून आले, २०१४ मध्ये भाजपकडून. 'भाजप नको' म्हणून २००९ मध्ये काँग्रेसला मत देणाऱ्याने कुणाकडे दाद मागायची?

आपल्याकडे मताला अमानत म्हणतात, गवाही म्हणतात. दुसरा वाईट आहे, म्हणून पहिल्याला लायक म्हणणे ही खरी गवाही आहे का? २०१३ पासून 'नोटा' आहे. पण त्याला सर्वाधिक मते पडली तरी विधानसभेत उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. मोठे नुकसान टाळण्यासाठी कमी वाईटाला मत देणे मी गुन्हा मानत नाही. मात्र भीतीपोटी मत मिळणाऱ्याला ती भीती संपवण्याची गरज उरत नाही, हे आपण ओळखले पाहिजे.

मीही असेच मत देत आलो. आमच्या गल्लीतले गटार दर पावसाळ्यात तुंबते. निवडून आलेल्याकडे त्याबद्दल विचारायला मी एकदाही गेलो नाही. मनात एकच, आपण कुठे त्याला यासाठी मत दिले होते!