गाडी जिथं अडते

खायला म्हणून शहाडला कुणी उतरत नाही. कल्याण सोडल्यावर कसारा लोकलचं हे पहिलंच स्टेशन. इथं उतरतात ते सेंच्युरी रेयॉनचे कामगार, बिर्ला मंदिरातल्या विठोबाला निघालेले भाविक, आणि उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात कामाला किंवा खरेदीला जाणारी गर्दी. मुरबाड-माळशेजकडे गाडी काढणाऱ्यांना शहाड माहीत असतं ते पुलावरच्या ट्रॅफिकमुळे. तरीही प्रवासात चांगलं खाणं कसं शोधायचं असं मला कुणी विचारलं, तर मोबाइलमधले तारे मोजायच्या आधी शहाडच्या पलीकडे रविवारी सकाळी लोक काय खातात ते बघून ये, असंच मी सांगेन.

खातात ते दाल पकवान. मैद्याची, जिरं घातलेली, टोचे मारून मंद आचेवर तळलेली पुरीपेक्षा मोठी कडक चकती म्हणजे पकवान. सोबत चणाडाळ, मऊ शिजलेली, पण दाणा मोडलेला नाही अशी. वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवानाचा तुकडा मोडायचा आणि त्यानंच डाळ उचलायची. गप्पांत रमलात तर पकवान मऊ पडतं आणि सगळी मजा जाते, म्हणून दुकानासमोर उभं राहून खाणारी माणसं फारशी बोलत नाहीत. होळीच्या दिवसांत याच गल्ल्यांतून घीयर दिसायला लागतो, जिलबीच्या जातीचा पण ताटलीएवढा.

हे खाणं इथं कुणी हौसेनं आणलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिच्या बराकींत ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण केलं. शेतं, वाडे, दुकानं मागे राहिली. बरोबर आला तो हातातला व्यापार आणि जिभेवरची चव. सिंधमधल्या कराची-हैदराबादची न्याहारी उल्हास नदीच्या काठी रुजली ती माणसं इथं येऊन अडली म्हणून.

यावरून मी माझ्यापुरता एक ठोकताळा बांधला आहे. नव्या गावात गेलं की चव कुठं आहे हे विचारत बसू नये, माणसं कुठं अडतात ते बघावं. एसटीचा डेपो, कोर्टाचं आवार, कारखान्याचं गेट, बाजार समिती, घाटाचा पायथा. जिथं माणसाला नाइलाजानं थांबावं लागतं आणि रोज थांबावं लागतं, तिथं आचाऱ्याला लबाडी परवडत नाही. पाळी सुटल्यावर येणारा कामगार आज रस्सा पातळ निघाला तर उद्या समोरच्या गाडीवर जातो, आणि चार सोबत्यांना घेऊन जातो. पर्यटक बापडा एकदाच येतो. त्याला फसवलं तरी तो भांडायला परत यायचा नाही. फार तर फोनवर चार ओळी खरडेल.

जपानमध्ये या ठोकताळ्याचं एक झकास उदाहरण आहे. तोक्योच्या वायव्येला उसुई नावाची खिंड आहे. १८९३ साली तिथून रेल्वे गेली, योकोकावा ते कारुइझावा. चढ दर १५ फुटांमागे १ फूट. इतका चढ नुसत्या गाडीला झेपणारा नव्हता, त्यामुळे योकोकावाला गाडी थांबायची आणि जादा इंजिनं जोडली जायची. ती चार-पाच मिनिटं प्रवासी करणार काय? जपानात स्टेशनावर डबे विकायची जुनी चाल आहे, त्यांना एकिबेन म्हणतात. योकोकावाच्या ओगिनोया दुकानाच्या मालकीणबाई फलाटावर फिरून प्रवाशांना विचारायच्या, तुम्हाला खायला काय हवंय? उत्तर यायचं, गरम आणि घरच्यासारखं. १९५८ साली त्यांनी माशिको गावच्या कुंभारांकडून एका माणसापुरतं मातीचं भांडं करून घेतलं. त्यात सोयासॉसमध्ये शिजवलेला भात, त्यावर कोंबडी, बांबूचे कोंब, शिताके, लाव्याचं अंडं, एक चेस्टनट, एक जर्दाळू. मातीमुळे भात बराच वेळ गरम राहायचा, आणि रिकामं भांडं लोक घरी न्यायचे. गाडी हलली की विक्रेते फलाटावर रांगेनं उभे राहून कमरेत वाकून नमस्कार करायचे.

हे वाचताना मध्य रेल्वेच्या माणसाला कर्जत आठवलं नाही तरच नवल. कर्जतकडचा बोरघाट १८६३चा, कसाऱ्याकडचा थळघाट १८६५चा, दोन्हींचा चढ ३७ला १. उसुईच्या मानानं सौम्य, तरी मागून रेटायला इंजिनं लागतातच. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. कर्जतला बँकर लागेपर्यंत गाडी उभी, आणि तेवढ्यात खिडकीतून हात बाहेर काढून दिवाडकरांचा वडा घ्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या पुणेकर-मुंबईकरांनी तो खाल्ला. त्याहून चांगला वडा कल्याणात टिळक चौकाजवळ मिळतो असं कल्याणकर छातीठोकपणे सांगतील, घराच्या खिडकीतून विकला जायचा म्हणून खिडकी वडा नाव पडलेला. मलाही चवीत तो उजवा वाटतो. पण प्रवासाची आठवण निघाली की लोकांच्या तोंडी कर्जतच येतं.

आता ठोकताळ्याला अडचण अशी, की बँकर कसाऱ्यालाही लागतात. आमच्या शहाडवरून जाणाऱ्या, नाशिककडच्या बहुतेक गाड्या तिथं थांबत आल्या. वडे तिथंही तळले जातात. तरी कसाऱ्याचं नाव कर्जतएवढं गाजलं नाही. म्हणजे गाडी अडणं पुरेसं नाही. अडलेल्या माणसाला काय हवंय हे विचारणारं कुणीतरी लागतं, आणि मग तोच पदार्थ वर्षानुवर्षं तसाच करत राहण्याचा हट्ट लागतो. हा हट्ट जपान्यांकडे भरपूर आहे. आपल्याकडे दुकान चाललं की मालक शेजारचा गाळा घेतो आणि पाटीवर पावभाजी, डोसा, चायनीज चढवतो.

अडलेली मराठी माणसंही जपानात आहेत. या शतकाच्या सुरुवातीपासून तोक्योच्या निशी-कासाई भागात संगणकवाल्या भारतीयांची वस्ती वाढत गेली. त्याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, आणि त्यांच्या आईंनी निशी-कासाईत घरगुती भारतीय जेवणाचं हॉटेल चालवलं. नान आणि बटर चिकन विकणारी भारतीय हॉटेलं जपानात गल्लोगल्ली आहेत. पण नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या पोरांना रोज नान चालत नाही, त्यांना वरणभात हवा असतो. सिंधी बराकी आणि तोक्योतले फ्लॅट यांच्यात दुःखाची तुलना होऊ शकत नाही हे खरं. भूक मात्र त्याच जातीची.

शहाडच्या पुलावरून रस्ता मुरबाडकडे जातो आणि तिथून माळशेज चढून जुन्नर तालुक्यात उतरतो. कुठल्याही जेवणाच्या मार्गदर्शकात नसलेली एक सरहद्द या रस्त्यावर आहे. मुरबाड-टोकावड्यापर्यंत भाकरी तांदळाची. पांढरी, मऊ, पाण्याच्या हातानं थापलेली. घाट चढून ओतूर-आळेफाट्याला पोचलं की भाकरी बाजरीची होते आणि ताटात मासवडी येते. नावात मासा असला तरी पूर्ण शाकाहारी. बेसनाच्या मऊसर लाटीत तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून, वळकटी करून वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शाबरोबर खायच्या. फरक पावसानं पाडला आहे. ढग घाटाच्या अलीकडे रिकामे होतात म्हणून अलीकडे भात पिकतो, पलीकडे बाजरी. ८०-८५ किलोमीटरांत धान्य बदलतं, मसाला बदलतो.

जपानात अशीच रेघ पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये आहे. तोक्योकडचं उडोनचं सूप सोयासॉसनं काळपट, ओसाकाकडचं फिकं आणि कोंबू या समुद्री वनस्पतीच्या चवीचं. निस्सिन कंपनी कपातले ‘दोनबेई’ उडोन विकते तेही पूर्वेला एका सूपाचे आणि पश्चिमेला दुसऱ्या. कारखान्यात बनणाऱ्या मालालाही त्या रेघेपुढे मान तुकवावी लागली. माळशेजच्या रस्त्यावरचे ढाबे मात्र घाटाच्या अलीकडेही पनीर बटर मसाला देतात आणि पलीकडेही. काही ठिकाणी मासवडीची पाटी आता दिसायला लागली आहे, तेवढाच दिलासा.

खरी हळहळ शेवळांची वाटते. मे सरता सरता, पहिल्या सरींच्या सुमाराला, मुरबाडकडच्या ठाकर-कातकरी बायका कल्याणच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. तपकिरी-जांभळे कोंब, शेजारी काकडांचा हिरवा वाटा. शेवळं निवडणं हे जोखमीचं काम. वरचं पान सोलायचं, खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं आणि काकडांच्या आंबट रसात शिजवायचं. यातलं काही चुकलं तर घशाला खाज सुटते. कल्याण-ठाण्यातली सीकेपी घरं सोडे किंवा खिमा घालून ही भाजी करतात आणि वर्षभर तिच्याबद्दल बोलतात. जपानी डोंगरी सराईत वसंतात वाढतात त्या रानभाज्यांचं तंत्रही याच धर्तीचं. वाराबी नावाचं नेचाचं कोंब राख घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर ठेवून त्याचा उग्रपणा काढतात. पण तिथं ती थाळी सराईच्या जेवणाचा मान असते, त्या दिवसांसाठी लोक शहरातून गाडी पकडून जातात. आपल्याकडे शेवळं खायची तर कुणाच्या तरी घरी ओळख हवी. घरचं ते विकायचं नसतं आणि विकायचं ते पंजाबी असावं लागतं, अशी आपल्या हॉटेलधंद्याची समजूत आहे. डोंबिवलीच्या आगरी महोत्सवात तांदळाच्या भाकरीसाठी आणि खाडीच्या मासळीसाठी लागणाऱ्या रांगा बघितल्या तर ती समजूत किती खोटी आहे ते कळतं. महोत्सव संपला की ती रांग जाते कुठं, हा प्रश्न एखाद्या हॉटेलवाल्यानं स्वतःला विचारायला हरकत नाही.

१९९७ला नागानोची शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुरू झाली आणि उसुईची जुनी रेल्वे बंद पडली. योकोकावा शेवटचं स्टेशन झालं, पुढे गाडीच नाही. ओगिनोया मात्र टिकलं. हायवेच्या थांब्यांवर मातीच्या भांड्यातला तो भात अजून विकला जातो. २०२३च्या फेब्रुवारीपासून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत आपल्या दोन्ही घाटांत बँकरशिवाय चढू लागल्या आहेत. खिडक्या उघडत नाहीत, जेवण तिकिटाबरोबर ट्रेमधून येतं, आणि ते कुठल्या गावचं आहे हे सांगता येत नाही. वेळ वाचतो हे मान्य. शिर्डीला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो तक्रार करणार नाही. पण पुढची अडायची ठिकाणं आता रस्त्यावर शोधावी लागतील, टोलनाक्याशी, चार्जिंग स्टेशनपाशी. विजेची गाडी अर्धा-पाऊण तास उभी राहते. तिथं कोण काय तळतंय यावर माझं लक्ष आहे.

जपानच्या कृषी मंत्रालयानं २००७ साली गावोगावच्या शंभर पारंपरिक पदार्थांची यादी करायला घेतली आणि ९९वर थांबवली. शंभरावा ज्यानं त्यानं आपल्या गावचा घालावा, असं ठरलं. ठाणे जिल्ह्याची अशी यादी करायला बसलं तर पहिली बैठक दाल पकवानावरच मोडेल. कुणी म्हणेल, हे सिंधमधलं, इथलं कसं? त्यावर माझं उत्तर तयार आहे. बटाटा आणि मिरची हे दोघंही परदेशातून आले, आणि त्यांना वड्यातून बाहेर काढायची कुणाची हिंमत नाही. शेवळांवर वाद व्हायचा नाही. फक्त ती यादी हातात घेऊन कुणी कल्याणला उतरलं, तर त्याला जेवायला कुठं पाठवायचं हे समितीला आधी ठरवावं लागेल.