2021 ते 2024 : यश आलं नाही

तिच्या सीव्हीतली ती ओळ इंग्रजीत होती, पण मला ती मराठीतच लक्षात राहिली. '2021 ते 2024 : एमपीएससी राज्यसेवेची तयारी. यश आलं नाही.'

बाकी सीव्ही साधाच होता. मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून कॉम्प्युटरची डिग्री, घरी बसून शिकलेलं पायथन, गिटहबवर तीन छोटे प्रोजेक्ट. पण 'यश आलं नाही' असं सीव्हीत कोणी लिहितं का? गेल्या वर्षभरात मी काही हजार सीव्ही तरी चाळले असतील. लोक 'अपस्किलिंग' लिहितात, 'कौटुंबिक जबाबदारी' लिहितात, 'फ्रीलान्स' लिहितात.

'फ्रीलान्स' माझं आहे. त्याकडे येतोच.

खरं तर तो सीव्ही माझ्यापर्यंत पोचायलाच नको होता. बारा महिन्यांपेक्षा मोठा गॅप दिसला की आमची सिस्टीम तो अर्ज एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. तो फोल्डर कोणी उघडत नाही. नाकारल्याचा मेलसुद्धा जात नाही. पाच आठवडे एक जागा भरत नव्हती आणि क्लायंट रोज विचारत होता, म्हणून एका शुक्रवारी दुपारी मी तो उघडला. आत जवळपास चारशे माणसं होती.

मी रिक्रूटर कसा झालो ते आधी सांगतो. शिक्षणाने मी मेकॅनिकल इंजिनिअर, सांगलीकडचा. दुसऱ्या वर्षाला वायडी लागला, म्हणून चारची डिग्री पाच वर्षांत, 2019 मध्ये. मग पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी. एप्रिल 2020 मध्ये व्हायची पूर्व परीक्षा लॉकडाऊनमुळे पुढे पुढे ढकलत मार्च 2021 पर्यंत गेली. 14 मार्चला आहे म्हणता म्हणता तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. त्यांत मीही होतो. शेवटी 21 मार्चला पेपर झाला. मी कट-ऑफच्या आसपासही नव्हतो.

मग एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी, दिवसा टेस्टिंगचा क्लास, 2022 च्या सुरुवातीला टेस्टर, पुढे डेव्हलपर. मागच्या वर्षी माझा प्रोजेक्ट संपला. बेंचवर बसलो असताना कंपनीने विचारलं, हायरिंगमध्ये येतोस का? आमच्या रिक्रूटर्सना जावा आणि जावास्क्रिप्ट यांतला फरक समजावून दमलो आहोत. मी हो म्हणालो. आवडीपेक्षा भीती जास्त होती, हे मान्य केलेलं बरं.

हाच प्रवास मी लिंक्डइनवर फार छान लिहिला होता. 'वाट वाकडी असली तरी' वगैरे. खूप लाइक आले. त्यात नवी पेठेचा उल्लेख नव्हता.

कारण माझ्या सीव्हीत 2019 ते 2021 या काळासमोर 'फ्रीलान्स वेब डेव्हलपर' आहे. टेस्टिंग क्लासच्या सरांनी सुचवलं होतं. "खोटं नाही रे, कुणाची तरी एक वेबसाइट बनव ना." मी अण्णांच्या ओळखीतल्या एका खत-औषधांच्या दुकानाची पाच पानी वेबसाइट बनवली. दीड हजार रुपये मिळाले. काम नऊ दिवसांचं, सीव्हीत दोन वर्षांचं.

त्या जोरावर मला मुलाखती मिळाल्या. अकरा ठिकाणी नापास झालो, बाराव्या ठिकाणी घेतलं. बरीच वर्षं मी स्वतःला समजावत होतो की नोकरी काही त्या ओळीमुळे मिळाली नाही, मला काम येत होतं म्हणून मिळाली. हे खरंच आहे. पण पहिल्या मुलाखतीत मला काम येत नव्हतं. जे आलं ते त्या अकरा नापासांत आलं, आणि त्या ओळीने मला ते अकरा नापास मिळवून दिले.

आता त्या मुलीकडे. मी तिचा सीव्ही घेऊन मॅनेजरकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नाहीत. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा टीममधल्या दोघांसाठी ते भांडले होते. सीव्ही बघून म्हणाले, "गॅपवाले टिकत नाहीत रे. पंधरा वर्षांचा अनुभव आहे माझा."

हे ते एका गॅपवाल्याला सांगत होते.

मी गप्प बसलो. एवढंच म्हणालो, एक राउंड तर घेऊन बघू. क्लायंटही घाईत होता, त्यामुळे परवानगी मिळाली. ती एसक्यूएलच्या एका साध्या प्रश्नावर अडकली आणि पुढे सावरली नाही. मॅनेजर काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

निकाल मी फोनवर कळवला. तिने विचारलं, "सर, गॅपमुळे का?" मी म्हणालो, नाही, एसक्यूएलमुळे. "मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि खरंच हलकी झाल्यासारखी वाटली. फोन ठेवल्यावर मी हिशोब केला. मला बारा संधी मिळाल्या, तिला एक. त्या एकातही तिला नुसतं पास होऊन चालणार नव्हतं, चारशे लोकांच्या वतीने पास व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात दुसरा एक उमेदवार आला. सीव्हीवर तीन वर्षांचा अनुभव, गॅप नाही. सिस्टीमने त्याला वरच्या यादीत ठेवलं होतं. त्याच्या प्रोजेक्टचं वर्णन मी आधीच्या तीन सीव्हींमध्ये शब्दशः वाचलं होतं. अनुभवाची पत्रं पैसे देऊन मिळतात हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, तुमची रोजची स्टँडअप किती वाजता असायची? तो थांबला. मग मी कुठून सुचलं कोण जाणे, विचारलं, "अभ्यासिका कुठली?" बराच वेळ शांतता. मग त्याने नाव सांगितलं. माझ्या अभ्यासिकेपासून दोन गल्ल्या सोडून.

"सर, गॅप लिहिला की फोनच येत नाही," तो म्हणाला. मी त्याला अर्ज मागे घ्यायला सांगितलं. पीएफच्या नोंदी तपासल्या की पुढे अडकशील, तेव्हा आत्ताच थांब, म्हणालो. मला खरंच त्याची काळजी वाटत होती. पण त्याच वेळी असंही वाटलं, की याच्या आणि माझ्यात फरक काय? दीड हजार रुपयांची एक वेबसाइट?

माझा रूममेट म्हणतो, नियमच मूर्ख असेल तर खोटं बोलण्यात पाप नाही. कंपनीचं काय नुकसान झालं? तू काम करतोसच ना? बराच काळ मलाही हे पटत होतं. कंपनीचं नुकसान झालं नाही यावर मी आजही ठाम आहे.

पण नुकसान तिचं झालं. मॅनेजरांचा पंधरा वर्षांचा अनुभव कशाचा बनला आहे बघा. गॅप असून टिकलेली माणसं त्यांच्या आसपास नक्की असणार. निदान एक तर रोज त्यांच्यासमोर बसतो. पण आम्ही सगळ्यांनी तो पुसून टाकलाय. त्यामुळे त्यांना जे गॅपवाले दिसले ते फक्त पकडले गेलेले किंवा न जमलेले. मी स्वतःपुरती पळवाट काढली, आणि त्या पळवाटेनेच नियम खरा ठरत गेला. उघड लिहिणाऱ्या मुलीविरुद्धचा पुरावा माझ्यासारख्यांनी तयार केला आहे.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1976 मध्ये 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब, ही कल्पना मांडली. त्याचं उदाहरण चित्रकार गोगँचं आहे, थोडं कल्पनेने रंगवलेलं. बायको-मुलांना सोडून चित्रं काढायला दूर निघून गेलेला माणूस. त्याने केलं ते समर्थनीय होतं का, हे जाताना ठरूच शकत नाही. चित्रं महान झाली तरच त्याला स्वतःचं समर्थन करता येईल, असं विल्यम्स म्हणतो.

कॉलेजनंतर कधीतरी हे वाचलं तेव्हा मोठ्या कलाकारांचा प्रश्न वाटला होता. आता रोजचा वाटतो. माझी दोन वर्षं 'वाकडी वाट' ठरली आणि तिची तीन वर्षं 'गॅप', तर फरक अभ्यासाचा नव्हता. मी 2022 मध्ये बाजारात आलो, तेव्हा आयटी कंपन्यांना माणसं पुरत नव्हती. 2023-24 या एका वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघींची मिळून कर्मचारीसंख्या 60 हजारांहून जास्त घटली. ती त्यानंतर आली. माझी बारावी मुलाखत 2024 मध्ये झाली असती तर? बहुधा तेरावी, चौदावी करत घरी गेलो असतो, आणि 'वाट वाकडी असली तरी' ही पोस्ट कोणी वाचली नसती.

पण नशिबाचं हे म्हणताना मी थोडा सावध होतो. सगळं नशीबच म्हटलं की माझी ती ओळसुद्धा नशिबात जमा होते. ती तर मी स्वतः टाइप केली होती.

दहा दिवसांनी टपरीवर चहा पिताना मी मॅनेजरांना सांगितलं. सगळं, नवी पेठ, वेबसाइट, नऊ दिवस. ते आधी हसले. मग म्हणाले, "अरे पण तू वेगळा आहेस."

यावर काय बोलणार? सापडलेला प्रत्येक गॅपवाला 'वेगळा' ठरला की नियमाला कधीच धक्का लागत नाही. मी तसं म्हणालोही, जरा तावातावाने. त्यांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, "एचआरला मात्र हे सांगू नकोस." त्यात धमकी नव्हती. त्यांना माझी काळजीच वाटत असावी, जशी मला त्या मुलाची वाटली होती.

आठवडाभराने त्यांनीच मला बोलावलं. क्लायंटच्या जागांसाठी काही करता येणार नाही, पण आपल्या स्वतःच्या जागांसाठी गॅपचा फिल्टर काढ, असं सांगितलं. ते अर्ज तू स्वतः वाचायचेस, वेळ तुझा. रोज सव्वा तास जादा जातो. बहुतेक सीव्ही चांगले नसतात, हेही सांगायला हवं. काल एक्केचाळीस वाचले, त्यांतले तीन पुढे पाठवले.

माझी ओळ अजून तशीच आहे. दोनदा फाइल उघडली. 'फ्रीलान्स' खोडून 'एमपीएससीची तयारी' लिहिलं, सेव्ह न करता बंद केली. घराचा हप्ता, अण्णांची औषधं, ही कारणं खरी आहेत आणि सोयीचीही आहेत. हा लेख माझ्या नावाने छापून आला तर बहुधा त्या फाइलचं काय करायचं ते मला ठरवावं लागणार नाही.

ती मुलगी परवा पुन्हा दिसली, आमच्याच एका जागेच्या अर्जात. सीव्हीत एसक्यूएलचा एक प्रोजेक्ट वाढलाय. ती ओळ तिने तशीच ठेवली आहे. मुलाखत मंगळवारी आहे. पॅनेलवर मी नाही.