'बसून राहा' म्हणणे हे प्रेम आहे काय?



"आई, तुम्ही उठू नका, मी आणते." "पपा, तुम्ही बसून राहा, पडाल!" ज्या घरात सत्तरीपुढचे कोणी आहे, त्या घरात ही वाक्ये दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतात. ती बोलणाऱ्याच्या मनात माया असते याविषयी मला शंका नाही. कोणीतरी न्हाणीघरात घसरले, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि वर्षाच्या आत माणूस गेले, असे आपल्यापैकी पुष्कळांनी जवळून पाहिले आहे. भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचा भरणा सर्वांत जास्त असतो. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल क्रमांक लागतो तो पडण्याचा.

तेव्हा भीती बाळगावी की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की, म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवतो ते त्याच्या भल्यासाठी, की आपल्या जिवाला घोर नको म्हणून? दोन्ही हेतू एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ते वेगळे काढणे कठीण जाते.

अगोदर शरीराचे पाहू. बसून राहिल्याने माणूस सुरक्षित राहतो हा आपला समजच मुळात चुकीचा आहे. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस बिछान्यावर पडून राहायला सांगितले. आजार काही नाही, फक्त विश्रांती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू कमी झाला! मग ज्या आजींना आपण पावसाळाभर "बाहेर निसरडे आहे" म्हणून आत ठेवतो, त्यांच्या मांड्यांत आणि पोटऱ्यांत दिवाळीपर्यंत काय उरत असेल? पुढे एके दिवशी त्या रात्री लघवीला उठतात, पाय साथ देत नाही, आणि पडतात. आपण म्हणतो, "बघा, सांगत होतो ना, उठू नका म्हणून!" वस्तुतः त्या उठल्या म्हणून पडल्या नाहीत, कित्येक महिने त्यांना उठू दिले नाही म्हणून पडल्या.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांना विचारून पाहा. ज्यांच्या घरी ते जातात त्यांच्यातले सगळेच काही आजारी नसतात. काही जण एकदा पडले आणि मग घरातच राहिले, एवढेच.

अमेरिकेतील शुश्रूषागृहांत तर एके काळी वृद्धांना चक्क बांधून ठेवत. खुर्चीला पट्टा, पलंगाला पट्टा. कारण हेच की, पडू नयेत. १९८७ साली तेथे कायदा झाला आणि शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणाही वृद्धाला बांधता येणार नाही असे ठरले. कायद्यात 'सोय' हा शब्द आला याचे मला मोठे कौतुक वाटते. पुढे १९९२ साली डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कनेटिकट राज्यातील शुश्रूषागृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बांधलेल्यांना पडून होणाऱ्या गंभीर दुखापती कमी झाल्या नव्हत्या, उलट जास्तच दिसल्या; आणि मुळातच दुबळे होते त्यांनाच बांधले असेल, हा हिशेब धरूनही तसेच दिसले. आपण आपल्या आईवडिलांना दोरीने बांधत नाही. पण टीव्हीसमोरची खुर्ची, "उठू नका" हा धाक, आणि हाताला न लागेल अशी ठेवलेली काठी, हे सगळे मिळून पट्ट्याचेच काम करतात.

मग करायचे काय? या बाबतीत न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहराचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथील ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेतील डॉ. जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी आणि त्याहून अधिक वयाच्या बायकांना हाताशी धरले. लक्षात घ्या, ऐंशीच्या पुढच्या! त्यांना इस्पितळात बोलावले नाही. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या घरी गेली, पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा. प्रत्येकीची ताकद पाहून तिला व्यायाम शिकवला आणि नंतर फोनवर चौकशी ठेवली. ११६ जणींनी हा व्यायाम केला, दुसऱ्या ११७ जणींकडे कोणी तरी नुसते भेटीला जात होते. वर्षअखेर मोजदाद झाली तेव्हा नुसत्या भेटी मिळालेल्या गटात १५२ वेळा पडणे झाले होते, तर व्यायाम करणाऱ्यांत ८८ वेळा. हे १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि आज हा व्यायाम 'ओटागो' याच नावाने जगभर शिकवला जातो.

त्यात अवघड असे काही नाही. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभे राहायचे. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायचे, मग चवडे उचलून टाचांवर. गुडघे थोडे वाकवून पुन्हा ताठ व्हायचे. घोट्याला छोटे वजन बांधून पाय बाजूला न्यायचा, मागे वाकवायचा. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा चवडा लावून, दोरीवर चालल्यासारखे चालायचे. एका पायावर दहा सेकंद. उलटे चालायचे. खुर्चीतून हात न टेकता उठायचे आणि बसायचे. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास. आणि जमेल तसे बाहेर चालणे. जे सोपे वाटू लागेल ते थोडे कठीण करायचे: आधी दोन हात धरून, मग एक, मग एक बोट, मग न धरता. गंमत ही की, मिस्सामध्ये उभे राहणे, बसणे, गुडघे टेकणे आणि पुन्हा उठणे, हा यातलाच एक पाठ आहे. म्हणून बाकावरच्या आजोबांना नातवाने शर्टाला धरून खाली बसवू नये.

२०१९ साली अशा शंभरावर चाचण्या एकत्र करून पाहण्यात आल्या, तेवीस हजारांहून अधिक माणसांच्या. निष्कर्ष असा निघाला की, व्यायामाने पडण्याचे प्रमाण साधारण पावपट कमी होते. खरा नैतिक प्रश्न येथेच सुरू होतो. पावपट कमी होते, म्हणजे पाऊण भाग उरतोच! जो माणूस उठून चालेल तो केव्हातरी पडू शकतो. व्यायाम करता करताही पडू शकतो. हा धोका कोणी पत्करायचा? आणि पत्करायचा की नाही हे कोणी ठरवायचे?

मुलगा म्हणेल, मी. कारण पुढचे निस्तरायचे मला आहे. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सासू पडली तर रजा घेते ती सून. बेडपॅन तिने धरायचे, कूस तिने बदलायची, भेटीला येणाऱ्यांना चहा तिनेच करायचा, आणि वर "लक्ष नाही ठेवलं का?" हेही तिनेच ऐकायचे. तिच्या "उठू नका" मध्ये स्वार्थ आहे असे घाईने म्हणणाऱ्याने आठ दिवस ते काम करून पाहावे. म्हाताऱ्या माणसाचे पडणे हे कधीच त्याचे एकट्याचे नसते.

तरीही तोल दुसऱ्या बाजूला झुकतो असे माझे मत आहे. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखायला सांगते, नुसता सांभाळ करायला नव्हे. सांभाळ आपण वस्तूंचाही करतो. फुटू नये म्हणून काचेची भांडी कपाटात ठेवतो. मान राखणे म्हणजे, हा मोठा माणूस आहे, आपले भले तो जाणतो, हे धरून चालणे. ज्या बाईने चाळीस वर्षे वाडीला पाणी घातले, डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला, तिने स्वतःच्या पडवीत उतरावे की नाही हे तिला न विचारता ठरवणे, यात सांभाळ आहे पण मान नाही. धोका शून्यावर आणणे हे आपले कर्तव्य नाही, कारण तो शून्यावर येतच नाही. तो कमी करणे हे मात्र नक्कीच आहे. न्हाणीघरात हाताला लागेल असा दांडा बसवणे, मोरीची शेवाळलेली लादी घासणे, सरकणारे पायपुसणे काढून टाकणे, रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा ठेवणे, मागे पट्टा नसलेल्या झिजक्या सपाता बदलणे, मोतीबिंदू काढून घेणे. आणि डॉक्टरांना विचारणे की, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी यांना उठताना चक्कर तर येत नाही ना? हे सगळे केल्यावर हात पुढे करून म्हणावे, "चला, उठा."

ज्यांची स्मृतीच हरवली आहे त्यांची गोष्ट वेगळी. तेथे त्यांच्या वतीने आपल्यालाच ठरवावे लागते. पण त्यांनाही पाय असतात आणि बसवून ठेवल्याने तेही झिजतातच.

आता वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द. पडणे लपवू नका! हे आपल्याकडे सर्रास चालते. सकाळी न्हाणीघरात पडले, कोपर खरचटले. संध्याकाळी मुलाने विचारले तर "भिंतीला लागलं" म्हणून सांगितले. पडल्याचे कळले की बाहेर जाणे बंद होईल ही धास्ती असते. पण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. तेच कळले नाही तर उपाय कशावर करणार? अर्थात दोष सगळा त्यांचा नाही. ज्या घरात खरे बोलले की कैद मिळते, त्या घरात म्हातारी माणसे खोटे बोलायला शिकतात. "पडले" असे सांगितल्यावर रागावणे नाही, घरात कोंडणे नाही, उद्यापासून आपण मिळून व्यायाम करू, एवढा करार घराघरांत झाला तर बरे होईल. आणि काठी घ्यायची लाज वाटून जे भिंतींना धरून चालतात, त्यांनी सुनेच्या रजेचा विचार करावा. माझा धोका मी पत्करतो असे म्हणणाऱ्याला तो कमी करण्याची मेहनतही करावी लागते.

लाजेवरून आठवले. पोप दुसरे जॉन पॉल १९९४ च्या एप्रिल महिन्यात न्हाणीघरात पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. रोमच्या जेमेल्ली इस्पितळात कृत्रिम खुबा बसवण्यात आला. तरुणपणी डोंगर चढणारा आणि बर्फावर स्कीइंग करणारा हा माणूस त्यानंतर जगासमोर काठी घेऊन आला. त्याच सप्टेंबरात ते झाग्रेबला गेले. न्यूयॉर्कची भेट मात्र एक वर्ष पुढे ढकलली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये ते दिल्लीला आले तेव्हा ते किती वाकले होते हे आपल्यातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिले. पुढे चाकांच्या चौथऱ्यावरून त्यांना न्यावे लागे, तेही त्यांनी लपवले नाही. जेवढे चालता येत होते तेवढे ते चालले. जेथे थांबावे लागले तेथे थांबले.

परदेशी असलेल्या मुलामुलींविषयीही लिहायला हवे. ती पैसे पाठवतात, वॉकर आणतात, चोवीस तासांची बाई ठेवतात. बाईला ताकीद एकच: "आई पडता कामा नये." ती बिचारी काय करणार? आई पडली तर तिची नोकरी जाणार. आईचे पाय गेले तर तिला कोणी विचारणार नाही. म्हणून ती आईला पलंगावरच ठेवते, जेवणही तेथेच भरवते. तिला सांगायचे असेल तर असे सांगावे: "आईला रोज सकाळ-संध्याकाळ ओट्याला धरून उभे कर, तू मागे उभी राहा, आणि एखादे वेळी पडली तर मी तुला बोल लावणार नाही." यातले शेवटचे वाक्य फोनवरून म्हणायला छातीच लागते. फिजिओथेरपिस्टला महिन्यातून दोनदा बोलावणे अनेकांना परवडेल. रोजचे काम मात्र घरातल्या माणसालाच करायचे आहे. न्यूझीलंडमध्येच पुढे नर्सला शिकवून तिच्याकरवी हा व्यायाम करून घेतला, तेव्हाही पडणे कमी झाले.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत कोणी शिकवत नाही: पडल्यावर उठायचे कसे. दुखापत फारशी नसूनही तासन्‌तास जमिनीवर पडून राहिल्याने माणसे गंभीर होतात. आधी घाई न करता कोठे दुखते आहे ते पाहावे. खुबा किंवा पाय हलवता येत नसेल तर उठूच नये, हाक मारावी. ठीक असेल तर कुशीवर वळावे, कोपरावर रेटून हात आणि गुडघ्यांवर यावे, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, जो पाय दणकट आहे त्याचे पाऊल पुढे टेकवावे आणि हळूहळू उठून खुर्चीवर वळून बसावे. ज्यांचा खुबा किंवा गुडघा बदलला आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी हे एखाद्या रविवारी दुपारी, मुले-नातवंडे घरी असताना, चटई अंथरून करून पाहावे. पहिल्या वेळी हसू येते, आणि खुर्चीला कोणीतरी धरून ठेवावे लागते.