कामाचा वाटा

वरवे बुद्रुक हे पुणे-सातारा महामार्गालगतचं भोर तालुक्यातलं गाव. अशा गावात घरचं माणूस अंथरुणाला खिळलं, तर त्याला एकटं पडू देत नाहीत. सून ताट हातात आणून देते, नातू पायात चप्पल सरकवतो, संध्याकाळी शेजारीपाजारी बसायला येतात. ही आपल्या गावांची पुण्याई आहे. पण अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडली असेल किंवा संधिवाताने बोटं वाकली असतील, तर याच मायेपोटी एक वाक्य रोज कानावर पडतं, "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना."

पहिले काही महिने त्या वाक्याने धीर येतो. दुखणं आता जन्माचा सोबती आहे हे कळून चुकल्यावरही तेच चालू राहिलं, तर माणसाचं आधी काम जातं आणि मग मत जातं. कोणत्या खाचरात इंद्रायणी लावायची, लावणीला किती माणसं सांगायची, भाचीच्या लग्नात आहेर काय करायचा, हे सगळं त्याच्यासमोर ठरतं, पण त्याला कुणी विचारत नाही. जेवणखाण वेळेवर, गोळ्या वेळेवर, आणि तरीही माणूस दिवसेंदिवस खचत जातो. घरच्यांना वाटतं दुखणं बळावलं. खरं तर आपल्यावाचून घरात काहीच अडत नाही, हे त्याला आतून पोखरत असतं.

हे दुःख ओळखून त्यावर उपचार उभा करणाऱ्यांत कमलाबाई निंबकर यांचं नाव आदराने घ्यायला हवं. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झालेल्या या बाईंनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं (ऑक्युपेशनल थेरपीचं) शिक्षण देणारी शाळा सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. या विषयातल्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना 1952 साली स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. हात खांद्यापासून किती वर जातो, एवढं मोजून व्यवसायोपचार थांबत नाही. त्या हाताने या माणसाला रोज काय करायचं आहे, हे तो विचारतो आणि त्याची वाट शोधतो.

ही वाट पुष्कळदा अगदी घरगुती असते. एका लाकडी फळीला खालून दोन खिळे ठोकून टोकं वर काढली, की बटाटा त्यात रोवून एका हाताने सोलता येतो. परातीखाली ओला फडका घातला की ती सरकत नाही आणि एका हाताने तांदूळ निवडता येतात. उलथन्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलं, तर वाकड्या बोटांतही ते बसतं. खर्च जवळजवळ काही नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. दहा मिनिटांच्या भाजीला पाऊण तास लागेल, तो लागू द्यायचा. निवडलेले तांदूळ पाठीमागे पुन्हा निवडायचे नाहीत. आपलं काम कुणीतरी गुपचूप दुरुस्त करतं, हे त्या माणसाला कळल्याशिवाय राहत नाही.

काम खरं हवं, ही त्यातली मुख्य अट. मन रमावं म्हणून हातात दिलेला चाळा फार दिवस पुरत नाही. डेअरीला घातलेल्या दुधाची वही, विजेचं बिल, नातवाचे पाढे, मजुरांचा हिशेब, म्हणजे न केल्यास खोळंबा होईल अशी जबाबदारी द्यावी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं आयुष्य हेच सांगतं. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, सरकारी नोकरी केली आणि 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनातून त्या घराघरांत पोहोचल्या. त्यांच्या संस्थेने सिंधुदुर्गात काजूवर प्रक्रिया करणारा उद्योग उभारला आणि अपंगांच्या हातांना काम दिलं. तिथल्या मालाला बाजारात गिऱ्हाईक लागतं, म्हणजे काम चोख व्हावंच लागतं. त्या चोखपणातच कामाचा मान आहे.

इथे एक सावधगिरी हवी. काम करील त्यालाच किंमत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. काही दुखण्यांत बोटही हलत नाही, काही दिवस नुसतं सोसण्यातच जातात. त्या माणसाचा मान तसूभरही कमी होत नाही. त्याचा सल्ला घेणं, त्याच्या होकारासाठी थांबणं, हेसुद्धा त्याची घरातली जागा जपणंच आहे. आणि कोणतं काम हवं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आपण परस्पर नेमून दिलेलं काम त्याला ओझंच वाटेल.

घराबाहेरचं कर्तव्य आपल्या सगळ्यांचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत उठून विचारायला हवं. चावडीला आणि देवळाला पायऱ्यांशेजारी उतार असेल, तर चाकाच्या खुर्चीतला माणूस सभेला येईल आणि तो प्रश्न स्वतःच विचारील.

या आठवड्यात आपल्या घरातल्या, भावकीतल्या अशा एका माणसाजवळ बसावं आणि विचारावं, "तुमचं कोणतं काम तुम्हाला परत हवंय?" उत्तर लगेच येणार नाही. वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं. पण ते आलं, की ते काम त्यांच्या हाती सोपवावं, त्यासाठी घरातली मांडणी बदलावी आणि त्यांच्या गतीने ते पूर्ण होईपर्यंत थांबावं. सेवा करणं आपल्याला चांगलं जमतं. आता त्यांच्यावर विसंबायलाही शिकू या.