आढावा उभा, शिकणे आडवे

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 महिलांचे सर्वेक्षण झाले आणि त्यांतील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. आकडा हादरवणाराच होता. पण प्रशासनाचा विचार करणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा. एवढी मोठी गोष्ट सरकारी मासिक अहवालांतून आधीच वर का आली नाही? ती चव्हाट्यावर आणली पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी. लसीकरण, प्रसूती, कुटुंबनियोजन यांची उद्दिष्टे दरमहा मोजली जातच होती. मात्र बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत होत होत्या आणि या बाया वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्यातच नसत. त्यामुळे अहवालाच्या एकाही रकान्यात त्या मावल्या नाहीत.

सरकारी कारभार सुधारायचा म्हटले की आपण अधिक कडक आढावा, अधिक आकडे, अधिक बक्षिसे मागतो. मला वाटते, आपल्याकडे उणीव आहे ती वेगळ्याच गोष्टीची. सारखेच काम करणाऱ्या, सारख्याच अडचणीत सापडलेल्या अधिकाऱ्यांनी बरोबरीच्या नात्याने एकमेकांकडून शिकण्याची व्यवस्था आपण कधी उभीच केली नाही.

आढावा बैठक कशी चालते हे जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी केलेल्या कोणालाही ठाऊक असते. पडद्यावर तालुकानिहाय तक्ता येतो. तळाचे तीन तालुके लाल रंगात असतात. ज्याचा तालुका लाल, तो हातातले कागद सावरत उभा राहतो आणि म्हणतो, "सर, पुढच्या महिन्यात कव्हर करतो." काम का अडले हे त्याला पक्के माहीत असते, शेजारच्या खुर्चीतल्यालाही माहीत असते. पण तिथे सांगितलेले कारण खुलासा ठरते आणि खुलासा समाधानकारक नसला की 'कारणे दाखवा' निघते. तेव्हा शहाणा माणूस कारण सांगत नाही, आकडा सांगतो. खरी चर्चा बैठक सुटल्यावर चहाच्या टपरीवर होते आणि तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही.

यशाची देवाणघेवाण मात्र आपल्याकडे हौसेने होते. नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी ऐंशीच्या दशकात कार्यालयीन कामकाजाची घडी बसवली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. पुण्यात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'चा धडाका लावला. बीडच्याही नावाने पीक विम्याचा एक पॅटर्न आहे. विमा कंपन्या जिल्ह्याकडे फिरकेनात, तेव्हा 2020 च्या खरिपात 80:110 चे सूत्र इथे लागू झाले. नुकसानभरपाई हप्त्याच्या 80 टक्क्यांहून कमी राहिली, तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेले सरकारला परत करायचे. ती 110 टक्क्यांच्या वर गेली, तर वरचा भार सरकारने उचलायचा. 2023 मध्ये एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा राज्यभर याच धर्तीची मांडणी झाली.

सूत्र राज्यभर पोचले, अनुभव मात्र बीडमध्येच राहिला. कंपनीने किती नफा घ्यावा हे सूत्राने ठरवले. शेतकऱ्याचे भांडण वेगळेच होते. 72 तासांत नुकसानीची पूर्वसूचना दिली नाही म्हणून दावे अडले, आणि पाणी साचलेल्या शिवारात मोबाइलला रेंज नसताना ती सूचना द्यायची कशी, हे कोणी सांगत नव्हते. कापणी प्रयोगाच्या प्लॉटवर काय घडते हे कृषी सहायकाला ठाऊक होते, पण त्याला विचारणारे कोणी नव्हते. पुढे एक रुपयाच्या योजनेत बोगस अर्जांचे पीक आले, त्यात बीडचे नाव ठळकपणे गाजले आणि 2025 मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. नुसत्या यशाची नक्कल केली की अपयशातून जे शिकायचे ते मागेच राहते.

ऊसतोडीच्या प्रश्नात ही उणीव सर्वांत जास्त खुपते. दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या भागांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या डोक्यावर. खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे पाळी आणि पोटाचे दुखणे बाईला परवडत नाही. ती कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे किंवा थेट कर्नाटकात जाते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परतते. तिचे लसीकरण, गरोदरपणातील तपासणी, पोरांची शाळा या सगळ्याचा हिशेब बीडच्या तक्त्यात मांडला जातो. काम मात्र निम्मे वर्ष दुसऱ्या जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हाती असते आणि त्यांच्या उद्दिष्टाच्या यादीत फडावरची कोप नसते. बीडच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी तपासणी करून हाती कार्ड दिले, तरी ते कारखान्याच्या गावी कोणी वाचणार नसेल तर उपयोग काय? बीडचा कोणताही जिल्हाधिकारी, कितीही कर्तबगार असला, तरी हे काम एकट्याने पुरे करू शकत नाही.

असे काम अशक्य नाही, हे पल्स पोलिओने दाखवून दिले आहे. त्या मोहिमेत ऊसतोड टोळ्या, वीटभट्ट्या, पालावरची वस्ती यांच्या वेगळ्या याद्या झाल्या आणि बाळ जिथे सापडेल तिथे डोस दिला गेला. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला त्यामागे हेही होते. तिथे बाळ कोणत्या जिल्ह्याचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

यावर आक्षेप येईल की अधिकाऱ्यांना एकत्र बसवले तर चहा-बिस्किटे होतील आणि चुका झाकल्या जातील. आक्षेप रास्त आहे. 2012 मध्ये परळीत स्त्रीभ्रूणाचा गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला. तो गुन्हाच होता आणि 2019 मध्ये न्यायालयाने तो करणाऱ्या डॉक्टर दांपत्याला शिक्षा दिली, तेच योग्य झाले. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. तिथे कायद्याचा बडगा हवाच होता. पण चौकशी आणि शिकणे ही दोन कामे वेगळी आहेत; ती एकाच टेबलावर केली की शिकणे बुडते. केरळमध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. रुग्णालयाचे आणि डॉक्टरांचे नाव काढून प्रकरण तज्ज्ञांपुढे ठेवायचे आणि पुढच्या वेळी काय केले असते तर बाई वाचली असती एवढेच शोधायचे. रक्तस्रावाबाबतची तिथली उपचारपद्धती त्यातून सुधारत गेली.

बीडसाठी हे साध्या स्वरूपात करता येईल. वर्षातून दोनदा, दसऱ्याआधी आणि पट्टा पडल्यावर, टोळ्या निघतात त्या तालुक्यांतले आणि पोचतात त्या तालुक्यांतले वैद्यकीय अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका, केंद्रप्रमुख यांनी एकत्र बसावे. वरिष्ठांनी उद्घाटन करून उठून जावे. प्रत्येकाने फसलेले एक प्रकरण आणावे, नावे काढून. यशदासारख्या प्रबोधिनीने व्याख्याने न देता नोंदी ठेवाव्यात. आणि निष्कर्षाचे एक पान कार्यभार हस्तांतरणाला जोडावे. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला आहे. आज बदली झालेला अधिकारी किल्ल्या, प्रलंबित फाइल आणि जडवस्तू नोंदवही सोपवून जातो. तीन वर्षांत उमगलेले सोपवण्याची सोय नाही. नवा येतो आणि पहिल्यापासून ठेचा खातो.

याला निधी फारसा लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. आपल्या जिल्ह्याचा क्रमांक वर यावा यासाठी झटणाऱ्या अधिकाऱ्याला शेजारच्या जिल्ह्याला मदत करण्यात काहीच लाभ दिसत नाही. म्हणून मोजमाप बदलावे लागेल. कोल्हापूरच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या मूल्यमापनात फडावरच्या बीडच्या गरोदर बायांची तपासणी धरली गेली, तर तो बीडला फोन करण्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहणार नाही. आणि हा बदल मंत्रालयातून यायला वेळ लागणार असेल, तर येत्या हंगामापुरते दोन जिल्ह्यांच्या दोन अधिकाऱ्यांनी आपसांत ठरवले तरी चालेल. त्याला कोणताही नियम आड येत नाही.