बुजरा स्वार आणि सौद्यातले सत्य

मराठीत ‘बुजणे’ हे क्रियापद घोड्यालाही लागते आणि माणसालाही. वाटेच्या कडेला पडलेले रिकामे पोते पाहून घोडा बुजतो, परक्या घरी गेलेले मूलही बुजते. या दोन्ही भयांना भाषेने एकच शब्द दिला आहे, आणि तो देताना तिने फार दूरचे साम्य जोडले आहे असेही नाही. घोड्यावर बसण्याची ओढ तर आहे, पण मनातून भीती गेलेली नाही, अशा माणसाने स्वतःसाठी घोडा निवडायचा कसा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ व्यवहाराचा वाटतो. पैसे किती, वय किती, चाल कशी, एवढ्यात तो मिटावा. तसा तो मिटत नाही, कारण या सौद्यात विकणारा आणि घेणारा यांखेरीज एक तिसराही असतो. दोघांच्या असत्याची झळ त्यालाच लागते, आणि त्याला तर तोंडात लगाम घालूनच उभे केलेले असते.

भारतातील घोड्यांचे बाजार या प्रश्नाला फारशी जागा देत नाहीत. कार्तिकात पुष्करला, गंगा-गंडकीच्या संगमावर सोनपूरला किंवा दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला जे घोडे उभे राहतात, त्यांचा रंग, उंची, मारवाडी जातीच्या कानांची कमान, अंगावरचे भोवरे, ढोलाच्या तालावर नाचण्याची कला यांची बारकाईने पारख होते. शुभ-अशुभ भोवऱ्यांवरून सौदे मोडतात. घोडा स्वभावाने कसा आहे, हे मात्र सहसा शेवटी विचारले जाते, आणि त्याचे उत्तर ठरलेले असते: गरीब आहे. या बाजारांतील जाणकारी खोटी नव्हे. पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण तिच्यामागे आहे. परंतु ती घोड्याविषयीची जाणकारी आहे. त्या घोड्यावर कोण बसणार, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. आणि भित्र्या स्वाराच्या बाबतीत तर तोच पहिला प्रश्न असतो.

भीती मनात असते असे म्हणण्याची पद्धत आहे. खोगिरावर ती मनात राहत नाही. भ्यालेल्या स्वाराचे गुडघे आवळतात, टाच वर चढते, श्वास अडतो, शरीर पुढे झुकते आणि हात नकळत लगाम आखडून धरतात. घोड्याच्या दृष्टीने पायांचा दाब ही चालण्याची आज्ञा आणि लगामाचा ताण ही थांबण्याची. दोन्ही एकाच क्षणी मिळाल्यावर त्याने काय करावे? सोशीक घोडा गोंधळून उभा राहतो. तापट घोडा त्यातून सुटू पाहतो. मग स्वाराची भीती खरी ठरते, गुडघे अधिक आवळले जातात. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ या म्हणीतला राक्षस इथे स्वाराने स्वतःच्या मांडीखाली उभा केलेला असतो.

घोड्यापासून भय लपवता येत नाही, ही रिसाल्यातल्या जुन्या स्वारांची समजूत निव्वळ भाबडी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देई, आणि भलेभले थक्क होत. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली त्याचे रहस्य उलगडले. घोड्याला गणित येत नव्हते; बरोबर आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या मस्तकात व अंगाच्या ताणात होणारा अतिसूक्ष्म बदल तो टिपत होता. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसले की हान्सही हरे. विशेष म्हणजे, हे सारे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या शरीराच्या त्या खुणा पुरत्या आवरता आल्या नाहीत. पुढे २००९ साली स्वीडनमधील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घोड्याला चालवत नेणाऱ्यांना आणि त्यावर बसणाऱ्यांना ठरावीक अंतर चार वेळा जायचे होते. चौथ्या खेपेला घोड्यासमोर छत्री उघडली जाईल, असे त्यांना सांगण्यात आले. छत्री उघडलीच गेली नाही. तरीही त्या खेपेला माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्यांना छत्रीविषयी कोणी काही सांगितले नव्हते.

तेव्हा भित्रा ग्राहक ज्याला खरोखर फसवू शकतो असे दोघेच उरतात: विकणारा आणि तो स्वतः. विकणाऱ्याची लबाडी सर्वांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी घोड्याला दमेपर्यंत पळवून आणणे, गुंगीचे औषध देऊन शांत दाखवणे, दातांवरून वय कमी भासवणे, या युक्त्या जुन्या आहेत आणि त्यांवरचे उपायही जुने आहेत. घोडा ठाणावर असताना जावे. खोगीर चढवण्यापासून सारे डोळ्यांदेखत व्हावे. आधी विकणाऱ्याने बसून दाखवावे. दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जावे. पशुवैद्याकडून खूर, डोळे, श्वास तपासून घ्यावेत. यात नीतीचा प्रश्न नाही, सावधपणाचा आहे. प्रश्न उभा राहतो तो ग्राहकाच्या लबाडीपाशी, कारण तिला कोणी लबाडी म्हणत नाही. चाळिशीत एकदा पडलेला, त्या पडण्याची आठवण अंगात मुरलेला माणूस बाजारात जातो आणि ‘आपल्याला चालेल थोडा तेज असला तरी’ असे म्हणून टाकतो. हे वाक्य दलालासाठी उच्चारलेले नसते. आपण जो स्वार आहोत त्याच्यासाठी नव्हे, तर जो होऊ इच्छितो त्याच्यासाठी तो घोडा घेत असतो. कोवळ्या वयाचा, न मुरलेला घोडा घेऊन ‘दोघेही बरोबरच शिकू’ असे म्हणणारा त्याचाच सोज्ज्वळ अवतार. दोन अडाण्यांची शाळा काढून तिला मैत्री म्हणण्यासारखे हे आहे.

झेनोफन या ग्रीक लेखकाने इ. स. पूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीच घोडा विकत घेताना फसगत कशी टाळावी हे सांगितले आहे. न शिकवलेल्या शिंगरूचा स्वभाव कळत नाही, म्हणून त्याचे शरीर पाहावे, तेही पायांपासून. घराचा पाया खचला असेल तर वरचे मजले काय कामाचे, असा त्याचा युक्तिवाद आहे. शिकलेल्या घोड्याबाबत मात्र त्याची प्रश्नावली बदलते. तो कडियाळे तोंडात घेऊ देतो का? स्वाराला चढू देतो का? इतर घोड्यांना सोडून एकटा निघतो का? दोन्ही हातांना सारखा वळतो का? झेनोफन स्वतः सेनानी होता, रिकिबीचा शोध लागण्यापूर्वीच्या काळात घोड्यावर बसला होता. पडण्याचे मोल त्याला पुस्तकातून कळलेले नव्हते. अशा माणसाने युद्धासाठी घोडा निवडतानाही शेवटी आज्ञाधारकपणाला अग्रस्थान द्यावे, ही गोष्ट तेज घोड्यांवर भाळणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. बुजणाऱ्या घोड्याविषयीचे त्याचे मत तर आजही जुने झालेले नाही. ज्या वस्तूला तो भितो तिच्याजवळ हळुवार न्यावे, स्वतः तिला स्पर्श करून दाखवावे. चाबूक ओढला तर त्या वस्तूमुळेच वेदना झाली असे घोड्याला वाटते आणि भीती दुणावते. हेच औषध भ्यालेल्या माणसालाही लागू पडते, असे झेनोफन म्हणत नाही. वाचकाने ते पुढे न्यायला हरकत नसावी.

भयाच्या या कथेत ब्युसेफलसचे नाव टाळता येत नाही, जरी त्याचा फार गैरवापर झालेला आहे. प्लुटार्कने सांगितल्याप्रमाणे फिलोनिकस नावाच्या थेसलीच्या माणसाने तो घोडा राजा फिलिपपुढे १३ टॅलंटला विकायला आणला. कोणालाही जवळ येऊ न देणारा तो द्वाड घोडा परत न्यावा असा हुकूम झाला. कोवळ्या वयाच्या अलेक्झांडरने पाहिले की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे केले, काही काळ थोपटत त्याच्याबरोबर चालला आणि मग अलगद मांड टाकली. ही गोष्ट सहसा धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि तिच्या भरवशावर कित्येक भित्र्या माणसांनी आपल्या आवाक्याबाहेरचे घोडे घेतले असतील. वस्तुतः ती निरीक्षणाची गोष्ट आहे. इतरांना जिथे खोड दिसली तिथे त्या मुलाला भय दिसले. त्याने ते जिंकले नाही, घोड्याला शिक्षाही केली नाही. सावली मागे पडेल अशी फक्त दिशा बदलली. भय नाहीसे करावे लागत नाही, त्याची जागा बदलली तरी पुष्कळ काम होते, एवढाच तिचा अर्थ घेतला तर ती सामान्य स्वाराच्याही उपयोगी पडेल.

त्याहून अधिक जवळची वाटावी अशी निवड महाभारताच्या वनपर्वात, नलोपाख्यानात आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण राजाला एका दिवसात विदर्भात पोचायचे आहे. त्याचा सारथी बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नल, पागेत जातो आणि कृश दिसणारे, सिंधुदेशीचे, शुद्ध दहा आवर्तांचे घोडे निवडतो. राजा साशंक होतो. असल्या रोडक्या घोड्यांनी एवढी वाट कशी सरणार? कथेतील नाट्याकडे लक्ष असणाऱ्या वाचकाच्या नजरेतून ही शंका निसटते, पण ती महत्त्वाची आहे. राजा आपली भीती बोलून दाखवतो. बाहुक रागावत नाही. दुसरे हवे असतील तर सांगा, तेच जोडतो, असे म्हणतो. तेव्हा राजा जाणत्यावर निर्णय सोपवतो. रथात बसताच ते घोडे गुडघ्यांवर कोसळतात, आणि नल प्रथम त्यांची समजूत घालतो. या विद्येला महाभारताने दिलेले नाव ‘अश्वहृदय’ असे आहे. भित्र्या ग्राहकाने बाजारात एकटे जाऊ नये, जाणता बरोबर न्यावा, हा व्यवहाराचा नियम सर्वत्र सांगतात. ऋतुपर्णाचे उदाहरण त्यात एक अट घालते: त्या जाणत्यापुढे शंका झाकून ठेवू नये. चाबूकस्वार कितीही निष्णात असो, ‘भीती अजिबात नाही’ असे सांगणाऱ्या माणसासाठी तो चुकीचाच घोडा निवडणार.

येथे एक आक्षेप संभवतो. भीतीला अशी मान्यता देणे म्हणजे तिला शरण जाणे नव्हे काय? पंधरा-सोळा वर्षांचा, शांत, वाहनांच्या गोंगाटाला सरावलेला, कधी न उधळलेला घोडा घेणारा माणूस कायमचा भित्राच राहणार नाही काय? आक्षेप पोकळ नाही. अशा घोड्यावर वर्षानुवर्षे एकाच रिंगणात दुडकी चालत राहणारे स्वार असतात. तथापि ॲरिस्टॉटलने शौर्याचे जे विवेचन केले आहे ते या जागी मार्गदर्शक ठरते. कशालाच न भिणारा माणूस त्याच्या मते शूर नव्हे, तो बधिर किंवा वेडा. आणि आततायी माणूस हा शूराची नक्कल करणारा बढाईखोर. योग्य गोष्टीला, योग्य तेवढे भिणे हा शौर्याचाच भाग आहे. साडेचारशे किलो वजनाच्या, स्वतःच भित्र्या असलेल्या प्राण्याच्या पाठीवर बसताना थोडे भय वाटणे योग्य की अयोग्य, याचा निवाडा अवघड नाही. शिवाय शांत घोड्यावरच स्वाराचा श्वास सुटतो, गुडघे सैलावतात, आणि धैर्य वाढायचे असेल तर ते याच सैलावलेल्या देहात वाढते. ज्याची मांड घोडा प्रत्येक वळणावर डळमळीत करतो, तो केवळ टिकून राहायला शिकतो.

पण खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती प्रौढ घोडा घेण्याचा शहाणपणा करणाऱ्यापुढे उभी राहते. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. सोळाव्या वर्षी घेतलेला घोडा विशीच्या आसपास थकेल. तोवर त्याच्या सोशिकपणावर स्वाराची भीती ओसरलेली असेल. मग त्याला तेज घोड्याची इच्छा होईल, आणि जुन्याचे काय करायचे हा प्रश्न ठाणावर उभा राहील. ब्युसेफलसची किंमत नोंदवणाऱ्या प्लुटार्कनेच थोरल्या केटोच्या चरित्रात या प्रश्नावर आपले मत दिले आहे. केटोने स्पेनच्या मोहिमेत वापरलेला आपला घोडा तिथेच टाकला, का, तर त्याला जहाजातून आणण्याचा खर्च रोमच्या तिजोरीवर पडू नये. रोमच्या कित्येकांना हा काटकसरीचा आदर्श वाटला असेल. प्लुटार्कला तो मनाचा कोतेपणा वाटला. थकलेल्या घोड्या-कुत्र्यांना पोसणे हे भल्या माणसाचे काम आहे असे त्याने लिहिले आहे. तेज घोडा न पेलल्यामुळे वर्षाच्या आत बाजारात परत पाठवणारा आणि शांत घोडा उपयोग संपल्यावर दलालाच्या हाती देणारा, या दोघांत दुसऱ्याचा अपराध अधिक मोठा मानावा लागेल, कारण पहिल्याला निदान आपल्या अज्ञानाची सबब आहे. प्रौढ, शांत घोड्याचा भाव बाजारात तरण्या घोड्यापेक्षा पुष्कळदा कमी असतो. त्या किमतीत त्याच्या म्हाताऱ्या वर्षांचा चारा, नालबंदी आणि पशुवैद्याचा खर्च धरलेला नसतो; तो सौद्याच्या दिवशीच ग्राहकाने आपल्या हिशेबात मांडायचा असतो.