अध्याय १८, श्लोक ९ : निवृत्ती चौकातून लिअँडरला निरोप



आज गुरुपौर्णिमा, तेव्हा गुरूंवर काहीतरी लिहीन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आपलं अठराव्या अध्यायाचं रोजचं वाचन क्रमानं चाललंय आणि आज नववा श्लोक आलाय. त्यात काल रात्री अमेरिकेत न्यूपोर्टला लिअँडर पेसला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तो आणि विजय अमृतराज, आशियातले पहिले पुरुष खेळाडू. मोबाईलवर ते बघताना एकदम लक्षात आलं, की या माणसाला मी अजून निरोपच दिलेला नाही. चार वर्षं झाली.

मी राहतो शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकाच्या जवळ. पत्ता सांगितला की बाहेरगावचे मित्र विचारतात, "पेन्शनरांचा चौक का रे?" गंमत बाजूला ठेवा, पण आमच्या पेठेत टेनिसचा चाहता म्हणजे जरा वेडाच. इथं खेळ म्हणजे शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, नाहीतर लाल मातीतली कुस्ती. मला लिअँडर लागला तो आजोबांमुळं, आणि तोही कुस्तीतूनच.

१९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणलं. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आमच्या राजाराम कॉलेजात. त्यांना पाठवायला पैसे नव्हते तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. परत आल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्या मारल्या आणि ते पैसे फेडले. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. आणि प्रत्येक वेळी शेवट एकच, "त्यानंतर कुणी न्हाई."

मग १९९६ आलं. अटलांटा. लिअँडर उपांत्य फेरीत आगासीकडून हरला, मनगट दुखावलेलं. तसल्या मनगटानं कांस्यपदकाच्या सामन्यात मेलिगेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ गमावला, आणि पुढचे दोन ६-२, ६-४ घेतले. चव्वेचाळीस वर्षांनी भारताला एकट्याच्या खेळातलं पदक. टेनिसचे गुण कसे मोजतात हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी देवापुढं साखर ठेवली. मी दहा वर्षांचा होतो. तिथून पुढं चोवीस वर्षं मी त्याच्या मागं.

तो देव नव्हता, हेही सांगून टाकतो. १९९९ ला भूपतीबरोबर चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, त्यातल्या दोन जिंकल्या. आणि पुढं त्याच दोघांत इतकं बिनसलं, की २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्याबरोबर खेळायला भूपतीही तयार नव्हता आणि बोपण्णाही. चूक कुणाची हे ठरवायला मी बसलेलो नाही. आवडत्या माणसाचा देव्हारा केला की त्याला साधं माणूस म्हणून बघता येत नाही, एवढंच मला त्यातून कळलं, आणि तेही उशिरा.

२०२० हे आपलं शेवटचं वर्ष असं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. फेब्रुवारीत तो पुण्याला महाराष्ट्र ओपन खेळायला आला. पहाटे सीबीएसवरून एसटी पकडली, स्वारगेटला उतरलो, बालेवाडी गाठली. शेहेचाळीस वर्षांचा माणूस नेटजवळ मांजरासारखा हलत होता. मी ओरडून घसा बसवून घेतला. आणि मग सामना संपायच्या आधीच उठलो, कारण परतीची एसटी चुकली असती. मनात म्हटलं, एवढं काय, खरा निरोप टोकियोला. आठवं ऑलिम्पिक. तेव्हा टीव्हीसमोर बसून नीट रडू.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाग्रेबला डेव्हिस कप झाला. बोपण्णाबरोबर (हो, त्याच बोपण्णाबरोबर) त्यानं क्रोएशियाच्या पाविच-श्कुगोर जोडीला तीन सेटमध्ये हरवलं. भारत ती लढत हरला, पण दुहेरी जिंकली. मी बातमी वाचली आणि कामाला लागलो. तीन आठवड्यांच्या आत टोकियो पुढं ढकललं गेलं, आपण सगळे घरात बंद झालो. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक झालं, त्यात लिअँडर नव्हता.

मला राग आला होता. एवढ्या माणसाला धड शेवटचा सामनाही मिळू नये?

त्याच वर्षी आजोबांनीही ठरवलं होतं, की ही नंदवाळची शेवटची आषाढी दिंडी. गुडघे ऐकत नव्हते. पण २०२० ला पायी वारी कुठली? माउलींच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या. एकादशीच्या सकाळी आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून मोकळ्या रस्त्याकडं बघत बसले होते. मला वाटलं, म्हातारा मनातून खचला. समजूत काढायला गेलो, म्हटलं, "आजोबा, पुढच्या वर्षी जाऊ. शेवटची वारी राहिली तुमची."

ते म्हणाले, "राहिली कुठं? शेवटची वारी गेल्या साली झाली की. आपल्याला म्हाईत नव्हतं, एवढंच."

आता आजचा श्लोक बघा. सातव्यात तामस त्याग, आठव्यात राजस, आणि नवव्यात सात्त्विक. राजस त्याग कसला? त्रास होतो म्हणून, शरीर थकेल या भीतीनं काम टाकून देणं. त्याचं काही फळ मिळत नाही, असं भगवान स्पष्ट सांगतात. मग आपल्याला वाटतं, सात्त्विक त्याग म्हणजे मोठ्या समाधानानं, हार-तुरे घेऊन काम सोडणं. पण श्लोक शब्दाशब्दानं वाचा. तिथं काम सोडणं नाहीच! नेमून दिलेलं कर्म, करायलाच हवं म्हणून, केलं जातंय. सुटते ती आसक्ती आणि फळ. त्याग आहे, आणि काम चालूच आहे.

२०१९ च्या दिंडीत आजोबा पुईखडीच्या रिंगणात धावले ते शेवटचं म्हणून नव्हे. दरवर्षी धावायचे, म्हणून धावले. हे शेवटचं आहे असं माहीत असतं, तर कदाचित सगळ्यांनी फोटो काढले असते, त्यांनीही जरा बघणाऱ्यांकडं बघून पावलं टाकली असती. झाग्रेबला तिसऱ्या सेटमध्ये लिअँडर सर्व्हिस घेत होता तेव्हा त्याच्या डोक्यात टोकियो असेल, मला काय माहीत. पण तो सामना निरोपाचा नव्हता, नेहमीचा होता. देशासाठी दुहेरी, तीस वर्षं खेळत आला तशीच. शेवटच्या सामन्याचं फळ हवं होतं ते मला, गॅलरीतल्या आजोबांना नव्हे.

आणि मी? त्या दिंडीच्या सकाळी आजोबांना बाईकवरून चौकात सोडलं आणि ऑफिसला गेलो. बालेवाडीतून मध्येच उठलो. झाग्रेबची नुसती बातमी वाचली. आजोबा २०२२ ला गेले.

आज पहाटे उठून झाग्रेबचा सामना शोधला. जेवढा सापडला तेवढा बघितला, या वेळी मध्ये न उठता. ६-३, मग दुसरा सेट टायब्रेकमध्ये गेला, तिसरा ७-५. शेवटच्या गुणाला मी टाळ्या वाजवल्या, तर आतून आईचा आवाज, "कोण आलंय रं एवढ्या सकाळी?"

देवापुढं साखर ठेवली आहे. उद्या दहावा श्लोक.